आतल्या बाजूची ओळ

४ जून

चि. भिंगरी,

माझा आशीर्वाद फोनवरून तुझ्यापर्यंत पोचेनासा झाला आहे, म्हणून कागदावरून पाठवते. इथे तुला मला बंद करता येणार नाही. फार तर पाकीट न फोडता ठेवशील, पण लहानपणापासून तुला ओळखते, तू फोडशीलच.

आधी वाटलं, फोन बिघडला. तुझ्या रफूच्या दुकानाचं पेज उघडेना. सकाळची प्रार्थना आटोपली की मी आधी तुझं पेज बघते आणि मग दूध तापवते, हा माझा नेम. चार दिवस नुसतं दूधच तापवलं. ह्यांना विचारलं, तर म्हणाले नेट गेलं असेल. नेट गेलं असतं तर ह्यांचे बुद्धिबळाचे व्हिडिओ कसे चालले असते? शेवटी कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेले. तिथल्या मुलीने फोन दोनदा खालीवर केला आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, फोन ठणठणीत आहे. तुम्हाला ब्लॉक केलंय." म्हणजे काय, विचारलं, तर म्हणाली, "दार लावून घेतलंय तुमच्यापुरतं." तिने पैसे घेतले नाहीत. त्यावरूनच मला कळलं, की प्रकरण गंभीर आहे.

भिंगरी, माझं चुकलं काय? प्रत्येक फोटोखाली 'काहीतरी लिहा' असं छापलेलं असतं. कोणी लिहा म्हटल्यावर न लिहिता निघून जाणं बरं दिसत नाही. मला वाटायचं, फोटोच्या मागे पेन्सिलीने चार ओळी लिहाव्यात, तसंच ते आहे, ज्याचा फोटो त्यानेच वाचायचं. आणि मी काही उगीच खरडलेलं नाही. हिशेबाच्या वहीत मागून पानं उघडून आधी कच्चं लिहायचं, मग चष्मा पुसून फोनवर उतरवायचं. सगळं तारीखवार आहे. एकूण एक्क्याऐंशी वेळा लिहिलं, त्यात एकही शब्द अशुद्ध नसेल. मॅट्रिक असले तरी त्या वेळची मॅट्रिक आहे.

सात वर्षांची होतीस तेव्हा सुट्टीत माझ्याकडे आलीस आणि माझ्याच मोज्यावर पहिली रफू केलीस. तो मोजा अजून पायात आहे. मग दार कशासाठी लावलंस, एवढं कळव. कारण कळलं की मी गप्प बसेन. न कळता गप्प बसणं मला जमत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुझी मावशी

(मागची बाजू जुन्या बिलाची आहे, ती वाचू नकोस.)


११ जून

प्रिय मावशी,

पाकीट फोडलं. मागची बाजूही वाचली.

फोन करणार होते, पण फोनवर तू बोलतेस आणि मी 'हो मावशी' म्हणते, आणि शेवटी माझं राहूनच जातं. म्हणून मीही कागद घेतला आहे.

ते फोटोच्या मागे लिहिण्यासारखं नाही गं. ते दुकानाच्या दारावर खडूने लिहिण्यासारखं आहे. येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचतो. करड्या पँटच्या फोटोखाली एका गिऱ्हाइकाने विचारलं, किती दिवस लागतील. मी उत्तर द्यायच्या आत तू लिहिलंस, की दुकानात कशाला देता, पायाकडच्या पट्टीतून दोरा ओढून घ्या, उभे दोरे आधी घाला, मग एक सोडून एक आडवे विणा, घरच्या घरी तासाभरात होतं. मावशी, तो माणूस परत आला नाही. चौकातल्या हॉटेलचा मॅनेजर महिन्याला चाळीस टेबलक्लॉथ देणार होता. तोही ते वाचून म्हणाला, "तुमच्या मावशींच्या हिशेबाने हे फारच सोपं काम दिसतंय." दुकान माझं, दिवाबत्ती माझी, आणि दारात उभी राहून तू गिऱ्हाईक परत पाठवतेस, तेही आशीर्वाद देऊन.

भिंगरी हे नावही तूच सगळ्यांना सांगितलंस, आणि माझं पोट बिघडल्याचंही. परवा एक वकीलबाई काउंटरवर येऊन म्हणाल्या, "भिंगरी कोण? पोट बरं आहे का आता?"

हे हसून सोडलं असतं. पण हिरव्या पडद्याच्या फोटोखाली तू लिहिलंस, 'ठरलेलं मोडलं ते बरंच झालं, तो मुलगा मला पहिल्यापासून स्वतःतच गुंतलेला वाटायचा.' माझं लग्न मोडल्याचं मी दुकानात कोणाला सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात पडदे न आणताच चार बायका येऊन गेल्या. मान एका बाजूला कलती करून बघतात ना, तशा बघत होत्या.

म्हणून दार लावलं. उघडेन, पण काही गोष्टी पाळ. गिऱ्हाइकाने मला विचारलं तर मलाच उत्तर देऊ दे. घरातलं घरात ठेव. आवडलं तर खालचं हृदय दाब, तेवढं पुरतं. लिहायचंच असेल तर एक ओळ. अनोळखी माणसाला त्याच्या तब्येतीबद्दल विचारू नकोस. मोठ्या अक्षरांत काही पाठवू नकोस, ते ओरडल्यासारखं वाटतं. आणि रागात असशील तर लिहून ठेव, एक दिवस जाऊ दे, मग पाठव.

हे पत्र मी लिहून एक दिवस ठेवलं होतं.

तुझी भिंगरी


१८ जून

चि. भिंगरी,

हिरव्या पडद्याबद्दल आधी. ते वाचून मी देवापुढे बसले, पण देवाला तरी काय सांगणार? त्याचं मी काही बिघडवलं नव्हतं, तुझं बिघडवलं होतं. तू रडत नाहीस, म्हणून दुखलं नसेल, असं मी धरून चालले. मला वाटलं, मी तुझी बाजू घेते आहे. बाजू घ्यायला तू बोलावलंच नव्हतंस. मला क्षमा कर. हे एवढं एकदाच लिहिते, पण खरं लिहिते. तुझ्या आईलाही फोन करून सांगितलं, की मी असं केलं. ताई म्हणाली, "तुझी जीभ आता बोटांत उतरली." ती मोठी आहे, तिला बोलायचा हक्क आहे.

तुझ्या सगळ्या गोष्टी वहीत उतरवून घेतल्या. हृदय दाबायचं ठीक, पण त्याने मी काय म्हणाले ते कसं कळणार? असो, दाबेन. करड्या पँटवाल्याचंही चुकलंच. काटकसर आपल्या घरात करायची, दुसऱ्याच्या दुकानात नाही.

आता एक विचारते, रागावू नकोस. उत्तर लिहिण्याआधी तूही एक दिवस जाऊ दे.

तुझ्या आरोपांच्या तारखा मी वहीशी ताडून पाहिल्या. करडी पँट एप्रिलची. पोटाचं एप्रिलअखेरचं. हिरवा पडदा नऊ मेचा. त्यानंतरही तीन आठवडे मी लिहीत होते आणि तू लिहू देत होतीस. माझ्यासाठी दार बंद झालं एकतीस मेला. तीस मेला मी वहीत काय लिहिलं आहे, ते बघ: 'भिंगरी, हे त्यांना विचारून टाकलंस का?' बस, एवढंच. एकच ओळ, मोठी अक्षरं नाहीत, आशीर्वादही नाही. तुझ्या सगळ्या नियमांत बसणारी अशी एकच कमेंट मी केली, आणि तिलाच दार लागलं.

तो तपकिरी कोटाचा फोटो होता. अस्तर उलटं केलेलं, आणि डाव्या खिशाच्या वर जाड दोऱ्याने कोणीतरी शिवलेलं: 'डावा फाटका. किल्ली उजवीकडे.' कोणाच्या तरी बायकोने आपल्या विसरभोळ्या नवऱ्यासाठी शिवलं असावं, हे कोणालाही कळेल. खाली तू लिहिलंस, 'खिसा आम्ही शिवला, ही ओळ आता निवृत्त!' एकोणीस हजार हृदयं होती त्याखाली.

आपला नेम आठव. कपडा आला की गिऱ्हाइकासमोर खिसे उलटे करायचे, जे निघेल ते न वाचता त्याच्या हातात द्यायचं, आणि मगच सुई हातात घ्यायची. ती ओळ खिशातली नव्हती, पण होती तर आतल्याच बाजूची.

तुझी मावशी


१० जुलै

प्रिय मावशी,

एक दिवस म्हणालीस, मी बावीस जाऊ दिले.

तू म्हणतेस तेच खरं आहे. नव्हतं विचारलं. तुझी ती ओळ वाचली आणि हात आपोआप त्या बटणाकडे गेला. एकोणीस हजार लोक वाहवा करत होते आणि एकट्या तुझा प्रश्न मला टोचला. बाकी सगळं मी नंतर आठवून आठवून जमवलं. पडद्याचं दुखलं होतं, ते खोटं नाही, पण दार लावण्याचं कारण ते नव्हतं.

कोट एका बसड्रायव्हरचा आहे. आता ते निवृत्त आहेत, आम्ही सगळे त्यांना बसवाले काका म्हणतो. ते फक्त कोपराची रफू करायला देऊन गेले होते. फाटका खिसा दिसला, तोही मी शिवला, वर पैसेही घेणार नव्हते. वाटलं, खूश होतील. पाच जूनला कोट न्यायला यायचे होते, ते आलेच नाहीत. कोट खुंटीवर आहे. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी तोच दिसतो.

मागच्या आठवड्यात त्यांची सून आली. भांडली नाही. म्हणाली, बाबांच्या हातात फोन नसतो, पण रस्त्यातली माणसं बघतात ना. बाकावर बसले की कोणीतरी म्हणतं, "काका, किल्ली उजवीकडे!" प्रेमानेच म्हणतात. पण त्यांनी बाकावर जाणं सोडलं आहे. सासूबाईंना जाऊन दीड वर्ष झालं. मी तिला कोट देऊ केला, तर म्हणाली, "बाबा म्हणाले, राहू दे त्यांच्याकडेच."

आता तो फोटो एकवीस हजार हृदयांवर आहे. त्या फोटोमुळे नवी गिऱ्हाइकं येतात, मुद्दाम तो कोट बघायला येतात. फोटो काढून टाकला तर वाटतं, दुकानाची पाटीच उतरवली. नाही काढला तर खुंटीकडे बघवत नाही. एक मनात आलं, की पेजवरच छान शब्दांत माफी लिहावी, सगळ्यांना दिसेल अशी. तुला काय वाटतं? या वेळी लांब लिहिलंस तरी चालेल.

भिंगरी


१५ जुलै

चि. भिंगरी,

लांब लिहीत नाही.

आठ वर्षांची असताना शेजारच्या कंपाउंडरांच्या रफूला आलेल्या सदऱ्यात चिठ्ठी सापडली आणि ती तू माझ्या ओट्यावर उभी राहून मोठ्याने वाचलीस. मी तुला काय करायला लावलं होतं? चिठ्ठी घेऊन एकटीने त्यांच्याकडे जायचं आणि सांगायचं, मी वाचली. तू दोनदा अर्ध्या वाटेतून परत आलीस. तिसऱ्यांदा गेलीस. त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि परत येऊन तू दोन पोळ्या जास्त खाल्ल्यास.

पेजवरची माफी एकवीस हजारांकडे जाईल. त्यांचं तू काही बिघडवलेलं नाहीस. ती वाचूनही ते हृदयच दाबतील, आणि त्या काकांना पुन्हा कोणीतरी बाकावर गाठेल.

आधी फोटो पेजवरून काढून टाक. मग कोट घेऊन जा. फोन दुकानात ठेव. सुई-दोरा बरोबर ने, काही लागलं तर. काय बोलायचं ते ठरवून जाऊ नकोस.

पाटीचं म्हणशील, तर पाटी पुन्हा रंगवता येते. मी इथे रोज प्रार्थनेत तुझ्यासाठी एक ओळ जास्त म्हणते आहे. तिला हृदय दाबायची सोय नाही.

मावशी


२७ जुलै

प्रिय मावशी,

जाऊन आले. दोनदा अर्ध्या वाटेतून परत नाही आले, एकदाच आले.

तिसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. काका खिडकीशी बसून जुन्या डब्यातले स्क्रू आकाराप्रमाणे वेगळे करत होते. ड्रायव्हरचे हात, अजूनही अंगठा बाहेर काढून मूठ धरतात. मी दारातच सांगून टाकलं, की फोटो मी काढला, विचारलं नाही, आता पेजवरून काढून टाकला आहे. जे इतरांनी आपापल्या फोनमध्ये ठेवले आहेत ते मला परत घेता येणार नाहीत, हेही सांगितलं. ते म्हणाले, "बस." मग स्क्रूच लावत राहिले. मीही लावायला घेतले. पाऊण डबा झाल्यावर बोलले.

पहाटेची पाळी असायची. बसची किल्ली डाव्या खिशात टाकायची सवय. खिसा फाटका, किल्ली अस्तरात, आणि वीस माणसं बसमध्ये खोळंबलेली. काकूंनी चार वेळा खिसा शिवला, काकांच्या हाताने पाच वेळा फाटला. मग काकू म्हणाल्या, आता खिसा नाही शिवत, तुम्हालाच शिवते, आणि ती ओळ घातली. मुद्दाम जाड दोऱ्याने, म्हणजे अंधारात बोटाने वाचता यावी. मी विचारलं, लोक चिडवतात त्याचा राग आला का? मान हलवली. म्हणाले, "चिडवू देत. पण बाळ, तिथे फक्त माझं बोट जायचं. आता बोट लावलं की तुझी ती सगळी माणसं आठवतात."

मावशी, तू ठरवून जाऊ नकोस म्हणालीस ते बरं केलंस, ठरवलेलं सगळं त्या एका वाक्यात वाहून गेलं असतं.

मग त्यांनी कोट मांडीवर घेतला. कोपराची रफू उजेडात धरून बघितली, चांगली आहे म्हणाले. ओळीवरून बोट फिरवलं. डाव्या खिशात हात घातला, आणि हात आत अडला. मी शिवलेला खिसा, मावशी. मला स्वतःलाही सापडणार नाही इतका एकजीव झालेला. ते म्हणाले, "ही तर आता खोटी पडली." ओळीबद्दल म्हणत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला कोणीतरी खोटं पाडलं होतं, आणि वर मी लिहिलं होतं, निवृत्त.

मी विचारलं, "काका, उसवू का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "उसव," म्हणाले.

त्यांच्या खिडकीत बसून मी माझी शिवण एकेक टाका करून काढली. विणायला दोन तास लागले होते, काढायला अडीच लागले, कारण मूळच्या कापडाचा एक दोराही तुटायला नको होता. सुनेने चहा केला. काका मधूनमधून वाकून बघत आणि म्हणत, अजून थोडं, एवढं नव्हतं फाटलेलं, हां, आता पुरे. झाल्यावर कोट अंगात घातला, खुंटीवरची घराची किल्ली घेतली आणि सवयीने डाव्या खिशात टाकली. ती खळकन अस्तरात गेली. आम्ही तिघंही बघत राहिलो. मग काकांनी कोटाची खालची कड चिमटीत धरली, एक झटका दिला, किल्ली वर आली आणि ते असे हसले, मावशी, की सून स्वयंपाकघरात निघून गेली.

निघताना म्हणाले, "बाकावर जाईन उद्यापासून." खरंच गेले. मी दुकान उघडताना दिसले, तपकिरी कोटात.

आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम म्हणजे मी एक शिवण उसवली. हे पेजवर दाखवता येत नाही, म्हणून तुला लिहिते आहे.

फोटो काढून टाकल्यावर एकवीस हजारांतले बरेच पेज सोडून गेले. किती गेले ते मी मोजलं नाही. पण हॉटेलचा मॅनेजर परवा अकरा टेबलक्लॉथ घेऊन आला. तुझी कृती वाचून त्यांनी एकावर घरीच रफू करून पाहिली होती. तो टेबलक्लॉथही आणला होता, वर बेडूक बसल्यासारखा दिसतो. म्हणाला, "तुमच्या मावशींना सांगा, तासाभरात होत नाही."

तुझं दार मघाशी उघडलं.

भिंगरी


५ ऑगस्ट

चि. भिंगरी,

आज प्रार्थना, मग तुझं पेज, मग दूध. दूध उतू गेलं. ह्यांनी पुसलं, म्हणजे बघ.

पेजच्या अगदी वर तू नवीन लिहिलं आहेस, 'कपड्याचा फोटो मालकाला विचारूनच. आतल्या बाजूचा कधीच नाही.' मी दोनदा वाचलं. खाली निळ्या सतरंजीचा फोटो होता. काठाला तू डबल दोरा घेतला आहेस, आणि डाव्या कोपऱ्यात दोन टाके ढिले आहेत. खाली एका बाईने विचारलं होतं, किती दिवस लागतील. 'काहीतरी लिहा' तसंच छापलेलं होतं. माझं बोट तिथपर्यंत गेलं, मी ते वळवलं आणि हृदय दाबलं. फक्त एकदा. ढिले टाके इथे सांगते आहे, ते बघून घे.

मोबाइलच्या दुकानातल्या मुलीला सांगून आले, दार उघडलं म्हणून. तिला इतका आनंद झाला, की तिने मला एक फोनचं कव्हर घ्यायला लावलं.

एक्क्याऐंशी कमेंट काढून टाकायला सांगणार होते, पण मोबाइलवाली म्हणाली, ज्याचं त्याला काढता येतं. तेव्हा बसून एकेक काढते आहे. हिरव्या पडद्यापासून सुरुवात केली. पोटाचंही काढलं. कच्चं वहीत आहे, तिथे माझ्याशिवाय कोणी बघत नाही. हे बघतात, पण ह्यांना माझं अक्षर लागत नाही.

बसवाल्या काकांना माझा नमस्कार सांग. ओळख विचारली तर सांग, रफूवालीला सुई धरायला शिकवणारी. जास्त सांगू नकोस.

सोबत पार्सल आहे. तुझा तो करडा स्वेटर, जो मी गेल्या वर्षी कोपर शिवायला ठेवून घेतला होता. कोपर झालं. थंडीच्या आत पोचेल असा हिशेब केला. घातलास की कॉलरच्या मागे, आतल्या बाजूने बोट फिरव. जाड दोरा आहे, लागेल हाताला. काय शिवलंय ते इथेही लिहीत नाही.

तुझी मावशी